आगोटीच्या आधी येणारे वादळ : घर वेळेत सज्ज करताना

कोकणातील घर पावसाळ्यासाठी तयार करण्याची मुदत पंचांगाने ठरवून दिलेली आहे. ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागते. त्यापूर्वी कौले चाळून व्हावीत, पडवीच्या उघड्या बाजूंना नारळाच्या झापांचा आडोसा लागावा, लाकूडफाटा कोरड्यात जावा आणि तांदूळ, डाळी, आमसुले, सुकी मासळी यांची बेगमी घरात यावी, असा शिरस्ता आहे. पावसाळ्याच्या या तोंडाला आगोट म्हणतात आणि त्यासाठीच्या तयारीलाही तेच नाव पडले आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा मृग लागायला चार-पाच दिवस उरले होते. पुढच्याच वर्षी तौक्ते हे त्याहून तीव्र वादळ १५ ते १७ मे या काळात गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आणि मुंबईच्या समोरून समुद्रातून उत्तरेकडे सरकत गुजरातेत शिरले. त्या वेळी मृगाला तीन आठवडे अवकाश होता.

अर्थात अडचण केवळ तारखेची नाही. आगोटीची सारी कामे वरून पडणाऱ्या पाण्याचा विचार करून आखलेली आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती त्या कामी चोखही आहेत. चक्रीवादळात मात्र घराची परीक्षा आधी वारा घेतो, पाऊस त्याच्या मागून येतो. निसर्ग वादळात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या तालुक्यांतील कौलारू घरांची जी दुर्दशा झाली, तिचे कारण छप्पर गळणे हे नव्हते; छप्पर उडणे हे होते. त्यामुळे कोकणातील आगोट काही आठवड्यांनी अलीकडे आणावी लागेल आणि तिच्यात वाऱ्याविरुद्धच्या कामांची भर घालावी लागेल.

उत्तर हिंदी महासागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. पहिला मोसमी पावसापूर्वीचा, एप्रिल ते जून. दुसरा पावसानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाकाठी सरासरी पाच वादळे होतात आणि त्यांतील चार बंगालच्या उपसागरात, एक अरबी समुद्रात, असे प्रमाण परंपरेने सांगितले जाते. या प्रमाणामुळे पश्चिम किनारा दीर्घकाळ निर्धास्त राहिला. प्रत्यक्षात २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच वादळे झाली. दुसऱ्या हंगामाचा अनुभवही कोकणाला आहे. फयान हे वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे भातकापणी उरकून लोक निवांत झाले असताना, अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते. पावसाचे वेळापत्रकही आता भरवशाचे राहिलेले नाही. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला.

वारा छप्पर दाबत नाही, ओढतो

जोराचा वारा छपरावर आदळून ते खाली दाबतो, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात कमी उताराच्या छपरावरून वारा वेगाने जातो, तेव्हा वरच्या बाजूचा दाब घटतो आणि छप्पर वर ओढले जाते. आढे, वळचण आणि छपराचे कोपरे येथे ही ओढ सर्वाधिक असते. त्यातच वाऱ्याच्या तोंडावरची एखादी खिडकी किंवा दार तुटले, तर हवा आत शिरून छपराला खालूनही रेटा देते. खिडकीची एक फुटलेली तावदानपट्टी आणि गेलेले छप्पर यांचा संबंध असतो तो असा.

भारतीय मानकांतील हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, त्या संख्येचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की चौरस मीटरमागील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी हे उत्तर चौरस मीटरमागे सुमारे १७ किलो वजनाइतके येते. वेग दुप्पट होऊन ताशी १२० किलोमीटर झाला की दाब दुप्पट होत नाही. तो चौपट, म्हणजे सुमारे ६८ किलो होतो. निसर्ग किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर आणि झोत १३० किलोमीटरपर्यंत असल्याचे भारतीय हवामान विभागाने नोंदवले आहे.

आता छपराचे वजन पाहू. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात आणि एकेक कौल अडीच ते तीन किलोचे असते. म्हणजे चौरस मीटरमागे वजन सुमारे ४० किलो. नेहमीच्या पावसाळी वाऱ्यात, अगदी ताशी ६० किलोमीटरच्या झोतातही, हे वजन कौल जागच्या जागी धरून ठेवते. म्हणूनच कौले रिपांवर नुसती टेकवून ठेवण्याची पद्धत दीडशे वर्षे चालू शकली. (बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, तेथून ती सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली.) १२० किलोमीटरच्या वाऱ्यात ४० किलोंविरुद्ध ६८ किलो असा सामना होतो आणि कडेची कौले आधी सुटतात. एक ओळ सुटली की वाऱ्याला आत शिरायला वाट मिळते आणि उरलेले पाखे उघडे पडायला वेळ लागत नाही. पत्र्याचे गणित याहून बिकट आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरमागे जेमतेम पाच किलो असते. त्याला वजनाचा आधार जवळपास नसतोच. जो काही आधार असतो, तो खिळ्या-हुकांचा.

एका गोष्टीचे श्रेय मात्र जुन्या बांधकामाला द्यावे लागेल. कोकणातील कित्येक जुनी घरे चौपाखी आहेत, म्हणजे छप्पर चारही बाजूंनी उतरते. वादळी वाऱ्यात दुपाखी छपरापेक्षा असे छप्पर अधिक टिकते, कारण त्रिकोणी भिंत वाऱ्याच्या तोंडी येत नाही. हल्ली खर्च वाचवण्यासाठी दुपाखी किंवा एकपाखी पत्र्याचे छप्पर घातले जाते, तेव्हा घराचे एक संरक्षण नकळत काढून टाकलेले असते.

कौले, पत्रे आणि त्यांचे बंध

भारतीय मानक ब्युरोने कमी उंचीच्या घरांची चक्रीवादळातील तग धरण्याची क्षमता वाढवण्यासाठी आयएस १५४९८ ही मार्गदर्शक सूत्रे २००४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील तांत्रिक तपशील बाजूला ठेवला, तर गाभा असा की छपरापासून पायापर्यंत प्रत्येक भाग त्याच्या खालच्या भागाला बांधलेला असावा. कौल रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई भिंतीला. या साखळीतील सर्वांत कच्ची कडी जेथे असेल तेथे घर सुटते. कोकणातील बहुतेक जुन्या घरांत ही कडी वासा आणि भिंत यांच्यामध्ये असते. वासे चिऱ्याच्या भिंतीवर ठेवलेले असतात, फार तर एखाद्या खिळ्याने अडकवलेले. खिळा वरच्या दिशेने ओढला गेला की सहज निसटतो. तेथे लोखंडी पट्टी वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी बोल्टने तुळईला जखडणे हे सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत उपयोगी काम आहे. सर्व वाशांना करणे परवडत नसेल, तर कोपऱ्यांतील आणि वळचणीकडील वाशांपासून सुरुवात करावी.

पट्टी ज्या लाकडाला लावायची ते लाकूड आधी तपासणे आवश्यक आहे. वाळवी बाहेरून दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरचे टोक वाशाच्या भिंतीत शिरलेल्या भागात खुपसून पाहावे. ते सहज आत गेले तर वासा बदलण्याला पर्याय नाही. ओल भिंतीतून येत असल्याने लाकूड कुजण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे, पण ते सुकायला कोरडे दिवस लागतात. हे काम मार्च-एप्रिलचे, मे महिन्याच्या अखेरचे नव्हे.

बऱ्याच मंगलोरी कौलांच्या मागील बाजूस छिद्र असलेला एक छोटा कान असतो. तो तार ओवण्यासाठी दिलेला आहे, पण नेहमीच्या पावसात त्याची गरज पडत नसल्याने तार कोणी ओवत नाही. सगळ्या छपराला तार बांधणे वेळखाऊ असते. मात्र वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढ्याजवळच्या ओळी आणि दोन्ही टोके एवढी कौले गंज न चढणाऱ्या तारेने रिपेला बांधली, तरी वाऱ्याला पहिली फट मिळत नाही. आढ्यावरची कोन्याची कौले चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गिलाव्यात पक्की बसवावीत. काही ठिकाणी कौलांवरून सव्वा ते दीड मीटर अंतराने, आत सळई घातलेले काँक्रीटचे पट्टे आढ्यापासून वळचणीपर्यंत टाकतात. उपाय चांगला आहे. वाशांना तो भार पेलेल का, हे सुताराला विचारल्याशिवाय करू नये. नळीच्या देशी कौलांना कान नसतो आणि ती सुटीही जास्त असतात. त्यांच्यावर दोर किंवा तारेची जाळी पसरून तिची टोके वाशांना आणि जमिनीत पुरलेल्या खुंटांना बांधणे एवढेच शक्य असते.

पत्र्याच्या बाबतीत खिळे हा प्रकारच बाद समजावा. जे आकाराच्या हुकालाही मर्यादा आहे: ताण आला की त्याचा वाकवलेला भाग उलगडतो. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा बोल्ट दोन्ही बाजूंनी नटाने आवळता येतो, म्हणून तो अधिक पक्का. बोल्टखाली रुंद वायसर हवा, नाहीतर पत्रा वायसरभोवती फाटतो आणि बोल्ट जागेवर राहून पत्रा उडून जातो. कडेच्या ओळींत बोल्टांमधले अंतर मधल्या भागापेक्षा निम्मे ठेवावे.

येथे एक खरा पेच आहे. पावसापासून चिऱ्याची आणि मातीची भिंत वाचावी म्हणून कोकणात वळचण पुढे काढतात. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात, हा हेतू. वाऱ्याच्या दृष्टीने मात्र हीच पुढे आलेली वळचण म्हणजे छप्पर उचलायला दिलेली मूठ. तज्ज्ञांची सूत्रे वळचण अर्ध्या मीटरच्या आत ठेवा म्हणतात. कोकणातील पाऊस ती आणखी पुढे काढा म्हणतो. व्यवहार्य मार्ग असा की मूळ घराची वळचण आखूड ठेवून पडवीचे छप्पर वेगळ्या खांबांवर उभारावे. वादळात पडवी गेली तरी घर राहते. दोन्हींचे वासे सलग असतील, तर पडवीबरोबर मुख्य छप्परही ओढले जाते.

वाडीतील झाडे

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, केळशी, आंजर्ले येथील घर म्हणजे वाडीच्या मधोमध असलेले घर. दारात नारळ, मागे सुपारी, कडेला आंबा-फणस. निसर्ग वादळात यांतील असंख्य झाडे आडवी झाली आणि बरीच घरांवर पडली. ‘श्रीवर्धन रोठा’ या जातीच्या सुपारीसाठी हा पट्टा प्रसिद्ध आहे. घराचे छप्पर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा घालता येते. सुपारी आणि नारळ लावल्यापासून उत्पन्न द्यायला पाच ते आठ वर्षे घेतात. वादळानंतर राज्य सरकारने बागायतीच्या भरपाईची रक्कम हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपयांपर्यंत वाढवली, परंतु गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या वाडीच्या मालकाच्या हाती हेक्टरी दराने किती येणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

उभी बाग वादळापासून वाचवण्याचा खात्रीचा उपाय नाही. झाड घरावर पडू नये, याची काळजी मात्र घेता येते. घराकडे कललेला नारळ, पोकळ बुंध्याचा आंबा, घरावर झुकलेल्या फणसाच्या फांद्या यांचा निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हावा. आंब्याला मोहोर किंवा फळे असताना फांदी तोडायला कोणाचे मन होत नाही, आणि मग तो निर्णय दरवर्षी पुढे जातो. नारळाची सुकलेली झापे आणि तयार नारळ मे महिन्याच्या सुरुवातीलाच उतरवावेत. वादळी झोतात सुटलेला नारळ कौल फोडून आत येतो. नगरपालिका हद्दीत झाड तोडण्यास किंवा मोठी छाटणी करण्यास १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ती मिळण्यास वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

माळ्यावरची बेगमी

आगोटीची बेगमी परंपरेने माळ्यावर ठेवतात. चुलीच्या धुरामुळे तेथे हवा कोरडी असते, कीड लागत नाही. कांद्याच्या माळा तर आढ्यालाच टांगलेल्या. पावसाचा विचार केला तर जागा अचूक आहे. वादळात मात्र छप्पर उघडे पडले की सर्वांत आधी भिजते ते वर्षभराचे धान्य. गॅसच्या शेगड्या आल्यापासून माळ्यावरचा धूरही गेला आहे. निदान दोन-तीन आठवड्यांचे तांदूळ, डाळी, मीठ, काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यांत माजघरात, भिंतीलगत ठेवावे. माजघर हा घराचा मध्य. चारही बाजूंना भिंती असल्याने घरातली माणसे बसवण्यासाठीही तीच जागा सर्वांत सुरक्षित, मात्र वर जड सामान नसावे.

पाण्याची तरतूद वीज गेली असे धरूनच करावी. निसर्गनंतर अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस बंद होता आणि मोबाइल मनोरेही बंद पडले होते. विहिरीत पाणी आहे, पण पंप चालत नाही आणि रहाट केव्हाच काढून टाकलेला, अशी स्थिती तेव्हा घरोघरी होती. दोर आणि पोहरा ही जुनाट वस्तू नव्हे. गच्चीवरील प्लास्टिकची टाकी इशारा मिळताच काठोकाठ भरावी. पाणी वापराला येतेच, शिवाय ५०० लिटर पाण्याचे ५०० किलो वजन टाकीला जागेवर धरून ठेवते. रिकामी टाकी उडून शेजारच्या कौलांवर पडू शकते.

शहरी इमारतींत छपरापेक्षा सुट्या वस्तूंचा धोका मोठा: गच्चीवरील पत्र्याची शेड, वातानुकूलन यंत्रांचे बाहेर लटकणारे भाग, खिडकीतील कुंड्या, सैल झालेल्या काचेच्या सरकत्या चौकटी. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे अवकाळी वादळी वाऱ्यात अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. ते चक्रीवादळ नव्हते. मे महिन्यातील वळवाच्या एका झोताचा तो परिणाम होता.

किनाऱ्यापासून दूर : म्हैसूरचे अग्रहार

वळवाचा हा वारा केवळ किनाऱ्याचा नाही. आतील भागांतील जुन्या वस्त्यांनाही त्याची तयारी करावी लागते, फक्त तेथे क्रम उलटा असतो: वारा दुय्यम, ओल मुख्य. म्हैसूर येथील अग्रहार हा राजवाड्याच्या जवळचा जुना भाग याचे उदाहरण म्हणून घेता येईल. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या आयएस ८७५ या मानकात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग धरला आहे, तर म्हैसूरसाठी ३३ मीटर. ३३ मीटर म्हणजे ताशी सुमारे ११९ किलोमीटर. हा पन्नास वर्षांच्या हिशेबातला क्षणिक झोत आहे, निसर्गसारखा तास-तास टिकणारा वारा नव्हे. पण कौलांच्या कडेच्या ओळी उडवण्यास तेवढा पुरतो. एप्रिल-मेमध्ये दक्षिण कर्नाटकात गडगडाटी पावसाबरोबर असे झोत येतात आणि रस्त्याकडेची जुनी झाडे त्यांत पडतात.

बंगालच्या उपसागरातील वादळांचे अवशेषही येथवर पोहोचतात. फेंगल वादळ ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि क्षीण होऊन तमिळनाडू व दक्षिण कर्नाटक ओलांडत अरबी समुद्राकडे गेले. डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत म्हैसूर परिसरात त्याचा पाऊस झाला. त्यामुळे येथे घराची पाहणी वर्षातून दोनदा हवी, एकदा मार्चमध्ये आणि एकदा सप्टेंबरच्या अखेरीस.

जुन्या म्हैसूरमधील बांधकाम विटा आणि चुन्याचे. छप्पर कौलारू किंवा ‘मद्रास छत’ म्हणून ओळखले जाणारे, लाकडी वाशांवर उभ्या विटा रचून वर चुन्याचा थर दिलेले. असे छत उडत नाही. ते पाणी पीत जाते. गच्चीवरील पन्हळाच्या तोंडाशी पाने साचतात, पाणी तुंबते, चुन्याच्या थरातील भेगांतून वाशांच्या टोकांपर्यंत जाते आणि आत कुजणे सुरू होते. बाहेरून वर्षानुवर्षे काही दिसत नाही. शहरातील लॅन्सडाउन इमारतीचा भाग ऑगस्ट २०१२ मध्ये कोसळून चौघांचा बळी गेला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये देवराज मार्केटच्या उत्तरेकडील प्रवेशद्वाराचा भाग पडला. या सार्वजनिक वारसा इमारती होत्या, त्यांची चर्चा झाली, अभ्यास झाले. त्याच वयाच्या, त्याच पद्धतीने बांधलेल्या खासगी घरांची चर्चा होत नाही.

अशा घरात तयारी स्वस्त पण चिकाटीची आहे. पन्हळे आणि गच्चीची तोंडे साफ करणे, भिंतीतून उगवलेली पिंपळ-वडाची रोपे मुळासकट काढून फट चुन्याने बुजवणे, वाशांची टोके तपासणे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवण्याचा मोह मात्र टाळावा. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. भिंत वरून ठणठणीत दिसते आणि आतून मऊ होत जाते. छतातून माती किंवा चुन्याची भुकटी झरू लागली, दारे एकाएकी घट्ट बसू लागली, तर ती खोली पाऊस थांबेपर्यंत वापरू नये.

इशारा आल्यानंतर

हवामान विभाग चक्रीवादळाच्या सूचना चार टप्प्यांत देतो. पहिली, प्रशासनासाठीची पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी; त्यानंतर ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारंगी आणि सुमारे १२ तास आधी लाल रंगाचा इशारा, ज्यात किनारा ओलांडल्यानंतरचा अंदाजही असतो. कागदावर हा अवधी पुरेसा वाटतो. निसर्गच्या वेळी १ जूनला अरबी समुद्रात तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, २ जूनला त्याचे चक्रीवादळात रूपांतर होऊन त्याला नाव मिळाले आणि ३ जूनला दुपारी ते किनाऱ्यावर होते. नाव कानावर पडल्यापासून एका दिवसात सुतार मिळत नाही, पट्ट्या ठोकून होत नाहीत, झाड उतरवून होत नाही. शिवाय त्या वर्षी टाळेबंदीमुळे मजूर आणि मुंबईहून मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी या दोहोंच्या येण्या-जाण्यात खंड पडला होता. एरवी बंद घरांची डागडुजी होते ती याच लोकांच्या सुट्टीत. घर बंद असेल, तर शाकारणीचे काम एप्रिलमध्येच कोणावर तरी सोपवून ठेवावे लागते.

इशाऱ्यानंतरच्या तासांत करण्यासारखी कामे थोडी आहेत. अंगणातील सुट्या वस्तू आत घेणे, खिडक्यांच्या झडपांना आतून आडवी फळी किंवा अडसर लावणे, जनावरांची दावी सोडून ती मोकळ्या पण उंच जागी नेणे, वाहन झाडाखालून हलवणे, मोबाइल आणि विजेऱ्या चार्ज करणे, मुख्य वीजकळ बंद करून गॅसची टाकी बंद करणे. सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा. मनोरे बंद पडल्यावर रत्नागिरी आकाशवाणीसारखी स्थानिक केंद्रे हाच बाहेरच्या जगाशी उरणारा दुवा असतो. तोवर केंद्र सरकारच्या ‘सचेत’ आणि हवामान विभागाच्या ‘मौसम’ या अ‍ॅपवर सूचना मिळतात. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. घर किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी किंवा मातीच्या भिंतींचे असेल, तर तयारीचा प्रश्नच उरत नाही. शाळा, मंदिर किंवा निवारा केंद्र गाठावे आणि ते नारंगी इशाऱ्याच्या टप्प्यावरच.

वादळाचा डोळा डोक्यावरून जाताना वारा अचानक पडतो, क्वचित उजेडही येतो. ही शांतता काही मिनिटांची असू शकते. त्यानंतर वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुरू होतो. पहिल्या फेरीत सैल झालेली कौले दुसऱ्या फेरीत जातात. छप्पर पाहायला बाहेर पडलेली माणसे नेमकी याच वेळी जखमी होतात.

पंचनाम्याआधीचे कागद

निसर्गनंतर पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५ हजार १०० रुपयांवरून दीड लाख रुपये करण्यात आली. ती मिळण्याचा मार्ग पंचनाम्यातून जातो आणि पंचनाम्याला लागतो पुरावा. घराचा उतारा, घरपट्टीची पावती, सातबारा, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणि त्यांची छायाचित्रे नातेवाइकाच्या मोबाइलवर असावीत. अनेक घरे अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत आणि हिस्सेदार चार शहरांत आहेत. अशा घरांची भरपाई सह्यांअभावी रखडते. वारस नोंदीचे काम वादळाच्या हंगामात होण्यासारखे नाही, ते हिवाळ्यात तलाठी कार्यालयात जाऊन करावे लागते.

घराची चारही बाजूंची, आतील वाशांची आणि वाडीतील झाडांची तारीखवार छायाचित्रे दरवर्षी एप्रिलमध्ये काढून ठेवल्यास ‘आधी काय होते’ हे सांगता येते. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले असून तिच्यात वादळ आणि चक्रीवादळाने होणारी हानी समाविष्ट आहे. मातीच्या भिंतींच्या किंवा गवती छपराच्या घरांसाठी अटी आधी विचारून घ्याव्यात. वादळानंतर कौले आणि पत्रे यांची टंचाई होते, हा निसर्गचा अनुभव आहे. म्हणून वळचणीच्या एका ओळीला पुरतील एवढी जादा कौले, थोडी तार आणि छपरावर पसरता येईल एवढी एक जाड ताडपत्री आजही काही घरांत पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेली आढळते.